कागदी कप

हॉलंडमधल्या लायडनच्या कालव्याकाठी भाड्याची सायकल लावेपर्यंत पावसाने समताला पुरतं भिजवलं होतं. समोरच्या गॅलरीत जपानी चहाचा कार्यक्रम चालू होता. 'सर्वांना खुला' अशी पाटी वाचून ती आत शिरली, मागच्या खुर्चीत बसली.

समोर बसून चहा करणारा तरुण म्हणजे नाओया. त्याच्या घरचे लोक पिढ्यान्पिढ्या चहाचे वाडगे घडवत आले होते. बांबूच्या घुसळणीने हिरवा चहा फेसताना त्याची नजर समताच्या निथळत्या केसांवर थांबली... आणि घुसळणी क्षणभर अडखळली. तिलाही ते कळलं.

मग चहा फिरला. तिच्यामागून पावसातूनच आलेल्या डच गृहस्थांनाही मातीचा वाडगा मिळाला. समतापुढे मात्र गॅलरीच्या मालकीणबाईंनी कागदी कप ठेवला.

"मला वेगळा का?"

"वाडगे फार नाजूक आहेत, डिअर," बाई गोड हसल्या.

फळीवर चांगले दोन-तीन वाडगे रिकामे होते. समताने नाओयाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

तिची कानशिलं तापली. "माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा द्यायचे," ती आवाज न चढवता म्हणाली. "जात बघून. प्यायल्यावर कप त्यांनीच धुवून बाहेर ठेवायचा. मी असा चहा घेत नाही."

आणि ती निघाली.

सायकलचं कुलूप काढते तोच नाओया धावत आला. "थांबा... चूक झाली."

"चूक त्यांची. तुम्ही तर नुसते बघत होतात."

"म्हणून माझी जास्त. आत याल?"

"त्या खोलीत? नाही."

तो परत गेला. आतून बाईंचा चढलेला आवाज आला, आणि पाठोपाठ तो, दोन्ही हातांत एक वाडगा सांभाळत. पावसातच बाकावर बसून त्याने एक घोट घेतला, कड पुसली, वाडगा तिच्यापुढे धरला. "आमच्यात घट्ट चहा सगळे एकाच वाडग्यातून पितात. आजोबांनी शिकवलेलं. आज मला त्याची आठवण राहिली नाही... लाज वाटते."

ती प्यायली. "कडू आहे."

"राग गेला?"

"नाही."

"मग पुन्हा करून द्यावा लागेल."

"मी आइंडहोवनला राहते."

"ट्रेन जाते ना तिकडे?"

तिने ओठ घट्ट मिटले... तरी हसू निसटलंच.

मालकीणबाईंनी गॅलरीतलं त्याच्या वाडग्यांचं प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी बंद केलं. वाडगे खोक्यांत भरून तो खरोखर आइंडहोवनला आला, एका कार्यशाळेत कुंभाराच्या चाकावर बसू लागला. ऑफिस सुटलं की समता तिथे जायची आणि कुणाकुणावर संतापलेली असली की सगळं त्याला ऐकवायची. तो माती मळत ऐकायचा. एकदा तर तिच्याआधी तोच चिडला.

वसंतात एका संध्याकाळी ती म्हणाली, "इतके दिवस काही बोलला का नाहीस?"

"तुझा राग जायची वाट बघत होतो."

"तो जायचा नाही, नाओया. पिढ्यांचा आहे."

त्याने मातीचे हात तसेच पुढे केले. "मग त्याच्यासकट ये."

समताने ऑफिसच्या कपड्यांचा विचार केला नाही.