धर्मठाकुराचा घोडा

घोडा सापडला, चोरानं कबुलीही दिली. मात्र ठाण्याच्या दप्तरात यातलं काहीच घडलेलं नाही. तेव्हा आपणही घोडा हरवलेलाच आहे असं धरून चालू.

बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातल्या शालडांगा गावच्या संग्रहालयात निवारण दुले दारोगा पोचले तेव्हा त्यांचे पाय दुखत होते आणि चौथरा रिकामा होता. दोनशे वर्षांचा, कमरेएवढा मातीचा घोडा गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच: एक पहारेकरी खांदू बाउरीकडे, दुसरी प्रमुख शशांक पात्र यांच्याकडे.

"संध्याकाळपर्यंत घोडा मिळाला नाही तर खांदूची नोकरी गेली," पात्रबाबू पुस्तकं खोक्यात भरत म्हणाले. बोलता बोलता त्यांनी कपाटावरची गणेशमूर्ती दाराकडे वळवली.

"कुठं निघालात?"

"बदली. अकरा वर्षं मागत होतो. काल हुकूम आला."

"घोडा कधी गेला?"

"परवा."

दारोगांनी सुस्कारा सोडला. "खांदू, हा घोडा मुळात आला कुठून?"

"आमच्या ग्रामदेवाच्या, धर्मठाकुराच्या थानावरून, म्हणजे देवस्थानावरून, बाबू. नवसाचा. वाहिलेला घोडा उचलू नये, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. पण माझं ऐकतं कोण? बायकोसुद्धा नाही."

थान गावाबाहेर, चिंचेखाली. नवसाचे शेकडो घोडे दाटीवाटीनं उभे होते, सगळ्यांची तोंडं ठाकुराच्या शिळेकडे. एका कमरेएवढ्या घोड्याचं सोडून. तो वाटेकडे बघत होता, येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसावा असा.

दारोगांनी दोघांना तिथं बोलावलं आणि आधी स्वतः बसून घेतलं.

"चोर किल्लीवालाच. पण खांदूनं झोपेतसुद्धा घोडा ठाकुराकडे पाठ करून ठेवला नसता. वस्तूचं तोंड बघ्यांकडे करायची सवय एकालाच. शशांकबाबू, तुम्ही नवस बोललात: बदली दे, तुझा घोडा परत देतो. परवा घोडा गेला, काल हुकूम आला."

"बावीस अर्ज केले होते," पात्रबाबू म्हणाले. "इथं एका घोड्यात काम झालं."

"आता उचला आणि परत न्या."

"आणि बदली रद्द झाली म्हणजे?"

खांदूनं हात पाठीमागे बांधले होते. दारोगांनी आपल्या दुखऱ्या पायांकडे पाहिलं. वाहिलेला घोडा उचलून उगाच आणखी दुखणं कशाला?

"मग माझ्या नोकरीचं, बाबू?" खांदूनं विचारलं.

दारोगांनी कंटाळून कागद मांडीवर घेतला.

"प्रति, श्री धर्मठाकुर, मुक्काम चिंचेखाली, शालडांगा. आपल्या ताब्यातील मातीचा घोडा, एक नग, आपण समक्ष येऊन संग्रहालयात जमा करावा व पोच घ्यावी. आपले उत्तर येईपर्यंत पहारेकरी खांदू बाउरी यांना कामावरून काढता येणार नाही. तरी कृपया लवकर कळवावे, ही नम्र विनंती."