कुलूप की मिलाप

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौंसरची बस लागली, की दाराशी रेटारेटी करण्याआधी खिडकीतून काहीतरी टाकून जागा धरायची, ही तिथली रीतच. कुसुम गजभियेनं त्या सकाळी रुमाल टाकला आणि धक्के खात आत पोचली, तर रुमालावर एक जाडजूड पुस्तक! पुस्तकाचा धनी बाजूलाच उभा. उंच, सावळा, घाम पुसणारा.

"जागा माझी आहे. खाली रुमाल पाहा," ती म्हणाली.

"मले तर वरचं पुस्तकच दिसून राहिलं जी."

"मागून टाकलं त्याची जागा? असं कुठं असते?"

तो हसला. पुस्तक उचललं आणि सौंसर येईपर्यंत दांड्याला लोंबकळत उभा राहिला. उतरल्यावर दोघं एकाच रस्त्याला लागले आणि एकाच फाटकाशी थांबले. संत्रा बागाईतदार संघाच्या कचेरीत नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि त्यासाठी नागपुरात शिकलेली दोन माणसं नेमली होती. एक ही. दुसरा तो – उत्तम बागडे.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. कचेरीभर संत्र्याच्या सालीचा वास, समोरासमोर दोन टर्मिनल, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कुठला ट्रक कुठल्या बागेत कधी जायचा, ते ठरवणारा प्रोग्राम दोघं मिळून लिहीत. फाइल एकच, हात दोघांचे. कुसुमला ते आवडे. पडद्याच्या कडेवरून तो डोकावला की तिची बोटं चुकत... आणि चूक शोधायला तोच उठून येई. मग तर ती आणखी चुके.

एका मंगळवारी मात्र उत्तमनं आपलं काम त्याच फाइलीवर साठवलं आणि कुसुमची तीन दिवसांची मेहनत साफ पुसली गेली. ती रडली, अगदी हुंदके देऊन. तो पांढराफटक पडला. परतताना बसमध्ये तिच्यापासून दूर, मागं जाऊन उभा राहिला.

संघाचे साहेब पुंडलिकराव यांनी नागपूरहून कॉम्प्युटरची एक टेप मागवली. प्रोग्राम ज्यात लिहायचा त्या एडिटरला जोडायच्या दोन पुरवण्या तिच्यात होत्या. दोन्ही पुरवण्या फाइलीची प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवत.

"कुसुमताई, दोन्ही चालवून पाहा अन् शनिवारी एक सांगा," साहेब म्हणाले.

पहिली कुलूपवाली. एकानं फाइल उघडली, की दुसऱ्याला कुलूप. भांडणाची बातच नाही. पण मग दोघांनी एका वेळी येऊन करायचं काय? साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, ही घेतली तर एकानं सकाळी यायचं, दुसऱ्यानं दुपारी. म्हणजे कचेरीची वेळही वेगळी आणि बसही वेगळी. दुसरी मिलापवाली. दोघांनी आपापल्या प्रतीत लिहायचं, ती दोन्ही जुळवून देणार. एकाच ओळीला दोघांनी हात लावला असेल, तर मात्र शेजारी बसून कुणाची ओळ ठेवायची ते ठरवायचं.

शहाणपण विचाराल तर कुलूप. मन विचाराल तर... कुसुमनं मनाला दटावलं आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. जेवताना कुलूप, झोपताना मिलाप! आपण पुरवणी निवडतोय की माणूस, हेच बिचारीला कळेना.

शुक्रवारी तिनं त्यालाच गाठलं. "तुमाले कोणती बरी वाटते?"

"कुलूपवाली," तो मान वर न करता म्हणाला.

"विचार तरी करा!"

"केला नं. चार दिवस तेच करून राहिलो."

"मग आपली भेट..." तिनं जीभ चावली. "म्हणजे कामाचं बोलणं कसं होईल?"

"चिठ्ठी लिहून ठेवीन."

चिठ्ठी! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यालाच नको असेल तर आपण कशाला जीव टाकायचा? रागारागात तिनं अहवालावर 'कुलूप' लिहिलं.

शनिवारी साहेबांनी हात पुढे केला. कागद देता देता कुसुम थांबली. नुसतं कारण कळू तरी दे...

"सर, यांना एक विचारू? बागडे, कुलूपच कावून म्हणता तुमी?"

उत्तम उभा राहिला. कान लाल. "माझ्या हातानं यांचं काम पुन्हा पुसलं नाही पायजे, सर. या रडल्या त्या दिवशी... मले पाहवलं नाही. रोज दिसल्या नाहीत तरी चालेल, पण –" तो अडखळला. "नाही चालणार. मले बिलकुल नाही चालणार. पण दुसरा उपाय काय?"

साहेब एकदम खिडकीबाहेर पाहू लागले. कुसुमनं कागदाचे दोन तुकडे केले.

"मिलापवाली, सर. पुसलं तरी जुनी प्रत राहतेच नं."

"अन् भांडणं झाली तर?"

"भांडायले तरी दोघं एका ठिकाणी पायजेत नं!"

दुपारी पुरवणी बसली आणि पहिलाच पेच आला. तिगावचा सोमवारचा ट्रक त्यानं सकाळी आठला लावला होता, तिनं नऊला. उत्तम खुर्ची ओढून शेजारी बसला. इतक्या जवळ तो कधीच बसला नव्हता. तिला पडद्यावरचं एक अक्षर दिसेना.

"कुसुम," तो हळूच म्हणाला, "बाबांना तुझ्या घरी पाठवू?"

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. ते काही आवरेना.

"उद्या रविवार आहे. बाबा घरीच असतात आमचे."

बाहेरून पुंडलिकरावांची हाक आली, "अरे, तिगावचा ट्रक कितीले? ड्रायव्हर उभा आहे!"

"नऊला!" उत्तम ओरडला.

"आठला!" त्याच दमात कुसुम ओरडली.