प्लास्टिक न काढलेलं स्टूल

मोबाइल पालथे ठेवा आधी. मध्येच कोणाचा वाजला तर मी उठून झोपायला जाईन, सांगून ठेवतो. आणि धाकटे, तू हसू नकोस. गोष्ट ऐकीव आहे, पण ज्याच्याकडून ऐकली तो थापा मारणाऱ्यातला नाही.

माझ्या चांगल्या ओळखीचा खाटवाला. पेशंटच्या खाटा, व्हीलचेअर, वॉकर भाड्याने देतो. गेल्या नोव्हेंबरातली सोळा तारीख, सोमवार. रात्री दहाला पाच मिनिटं कमी असताना तो एका फ्लॅटवर पोचला, चौथ्या मजल्यावर. तिथले आजोबा त्याच दिवशी पहाटे गेले होते. मुलाने फोन करून सांगितलं होतं, खाट आजच्या आज हलवा.

खाटवाल्याचा एक नियम आहे. खाट खोलताना घरातलं एक माणूस खोलीत हवंच. एकदा कोणाची तरी अंगठी हरवली आणि आळ याच्यावर आला, तेव्हापासूनचा हा नियम. मुलाला त्याने तसं सांगितलं, तर तो दारातूनच म्हणाला, तुमचं तुम्ही करा, आम्ही बाहेर आहोत. म्हणजे तो आणि त्याची बायको, टीव्हीसमोर. दिवसभर खाटा उचलून खाटवाल्याची पाठ मोडली होती. वाद कोण घालणार? नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

खोलीत खाट, खाटेवर हवेची गादी, खाली पंपाची घरघर. शेजारी एक स्टूल. ते त्यानेच पाच महिन्यांपूर्वी खाटेसोबत नवंकोरं आणून दिलं होतं, घरच्यांना जवळ बसता यावं म्हणून. त्याच्या सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. चिकटपट्टीसुद्धा कोणी उचकटली नव्हती. कामाची बाई दिवसातून दोनदा यायची, उभ्या उभ्या सगळं करून जायची. तिनेच मागे खाटवाल्याला सांगितलं होतं, मुलगा रोज दारातून विचारायचा, काय बाबा, बरं आहे ना, आणि उत्तर यायच्या आत चालता व्हायचा. पाच महिने त्या म्हाताऱ्याजवळ कोणी क्षणभर टेकलं नव्हतं. खाटवाल्याला संताप आला. मला अजून येतो.

त्याने पंप बंद केला, नळी काढली. गादीतली हवा जायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ करायचं काय, म्हणून तो स्टुलावर बसला. प्लास्टिक कुरकुरलं.

दहा मिनिटं झाली. गादी फुगलेलीच. मधोमध, माणूस झोपतो तिथे, खळगा पडलेला. तो वर-खाली होत होता. संथ... झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

तो उठला. दाराकडे दोन पावलं गेला.

मागे धाप लागली. घशात अडकलेला श्वास, ओढून ओढून घेतलेला... तो मागे आला. बसला.

श्वास शांत झाला.

पुन्हा उठला. पुन्हा धाप, आधीपेक्षा जास्त. दार समोर होतं. उघडं होतं. पण पाय निघेना. कोणीतरी मरत होतं, आणि हा उठला की मरत होतं. त्याने मुलाला हाक मारली. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला.

अकरा. साडेअकरा. खिशात फोन थरथरला. घरून. बायकोला आठवा महिना, घरात ती एकटी. तो फोनकडे हात नेणार तेवढ्यात... मनगट आवळलं गेलं. पाच बोटं. गार. दिसत काहीच नव्हतं. फोन थरथरत राहिला. बोटं रुतत गेली.

मग तो बोलला. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आजोबा, मी तुमचा कोणी नाही. तुमचा मुलगा बाहेर बसलाय. त्याला घ्या."

त्याला बोलवा, असंही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, घ्या.

मनगट सुटलं. गादीतली हवा एकदम गेली. बाहेरचा टीव्ही बंद झाला.

खाट तिथेच टाकून तो पळाला. मुलगा सोफ्यावर बसलेला दिसला. मान खाली. खाटवाला थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. खाट राहू द्या, पंप परत जोडून द्या, आता ती यांना लागणार आहे. तो गेला. जावंच लागलं त्याला. त्याच खाटेवर मुलगा पडलेला, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. सून दारात उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर.

"रात्री धाप लागते हो यांना," ती म्हणाली. "मग आपोआप थांबते."

"तुम्ही जवळ बसता तेव्हा?"

"मी आत जात नाही."

पंपापर्यंत हात पोचावा म्हणून त्याने स्टूल सरकवलं. प्लास्टिक पार फाडून काढलेलं होतं. सीट मधोमध दबलेली, वर्षानुवर्षं त्यावर कोणी बसत असावं तशी. त्याने हात लावून पाहिलं...

गरम होती.