पाठमोरा मुकादम

रंगाचा थेंब पडला तो नेमका कवितेवर.

थेंब म्हणजे कसा, चांगला बोराएवढा, काळाकुट्ट. छापखान्याच्या मालकिणीची भाची खिडकीपाशी टेबल ओढून प्रुफं तपासत होती. एक कागद तिनं खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर मुकादमाला बसवलं होतं. मुकादम म्हणजे छापखान्यातला बोका. काम कवडीचं करायचा नाही, पण कागदाच्या गठ्ठ्यावर बसून सगळ्यांच्या कामावर डोळा ठेवायचा, म्हणून हे नाव. बाहेर शिडीवर चढून पेंटर छापखान्याची पाटी नव्यानं रंगवत होता. तेवढ्यात वरून एक दणदणीत शिंक आली. शिडी करकरली, मुकादम उडी मारून पळाला, आणि थेंब बरोब्बर चार ओळींच्या मधोमध.

"अहो! डोळे कुठं ठेवलेत?" भाची ओरडली.

"डोळे जागेवर आहेत, नाक गेलं," वरून उत्तर आलं. "टर्पेंटाइन चढलं नाकात."

"कविता होती ती!"

"अजून वाचता येतेय का?"

"नाही."

"मग फार चांगली होती असं धरून चालू."

भाचीला हसू आलं होतं, पण तिनं ते दाताखाली दाबलं. कुणी पहिल्याच बोलण्यात आपल्याला हसवावं, हे तिला मानवणारं नव्हतं.

पेंटर खाली उतरला. खिडकीपासून चांगला हातभर लांब उभा राहिला आणि म्हणाला, "कागद जरा बाहेर धरा." तिनं धरला. त्यानं ब्रशच्या मागच्या टोकानं ओला थेंब वर दोन ठिकाणी ओढला, खाली एक लांब वळण काढलं. थेंबाला कान आले, शेपूट आली. पाठ करून बसलेला मुकादम! मानेवरची ती गुर्मीसुद्धा तीच.

"हे कुणी काढलं?" मागून आवाज आला. आत्याचा.

छापखाना आत्याचा. शाळा चौथीपर्यंतच, पण शिशाची उलटी अक्षरं ती सुलट्यापेक्षा भराभर वाचायची, आणि शिकलेल्यांच्या चुका काढताना तिला विशेष बरं वाटायचं. भाचीनं मांजरांवर लहान मुलांसाठी कविता लिहिल्यात आणि त्या चांगल्या आहेत, हे तिनं एकदाच मान्य केलं होतं, तेही पाठ फिरवून. "चित्रांशिवाय पोरं हात लावायची नाहीत," असं म्हणून गेले दोन महिने ती चित्रकार शोधत होती. जो यायचा तो मांजराच्या गळ्यात रिबीन बांधायचा. आत्या त्याला दार दाखवायची.

"मी काढलं," पेंटर म्हणाला.

"पाटी झाल्यावर काय करणार आहेस?"

"दुसरी पाटी."

"ती राहू दे. अकरा कविता तयार आहेत, बारावी ही लिहील. बारा चित्रं हवीत. मांजराशी पटतं ना तुझं?"

पेंटरनं लांब गठ्ठ्यावर जाऊन बसलेल्या मुकादमाकडे बघितलं. मग भाचीकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"पटवून घेईन," तो म्हणाला.

काम सुरू झालं, पण त्याची तऱ्हाच निराळी. आत टेबल होतं, खुर्ची होती, उजेड होता. हा गडी मात्र शिडीवर. खिडकीबाहेर शिडी लावायची, तिसऱ्या पायरीवर बसायचं, मांडीवर चित्रवही ठेवायची आणि बंद काचेतून आत बघत काढायचं. आत भाचीच्या टेबलावर मुकादम बसलेला. भाची कविता वाचून दाखवायला खिडकी एवढीशी उघडायची.

"ऐका. ही तिसरी.

*हाक मारली, ऐकू आलं,*
*कान तेवढा वळला;*
*मांजर जागचं हललं नाही –*
*निरोप मात्र कळला.*"

"हे मुकादमावर आहे की तुमच्यावर?"

"माझ्यावर कसं?"

"मघाशी मी दोनदा हाक मारली. कान वळला, बाकी काही नाही."

"मी प्रुफं बघत होते."

"मुकादमही असंच काहीतरी सांगत असेल."

असं चालायचं. पेंटर बोलायला गोड, हात तर सोन्यासारखा. दारात अडून बसलेलं मांजर त्यानं असं काढलं की आत्या चष्मा काढून हसली. त्या चित्राची कविता होती:

*दार लावलं, उघड म्हणे,*
*उघडलं तर बसून राही;*
*आत यायचं की बाहेर जायचं*
*अजून ठरलं नाही!*

"हे मात्र तुमच्यावर आहे," भाची खिडकीतून म्हणाली. "रोज सांगते आत या. पाय अवघडत नाहीत शिडीवर?"

"इथून उजेड चांगला येतो."

"आत दिवा आहे."

"दिव्यानं रंग फसवतो."

एक ना दोन, सतरा सबबी. आणि नुसतं एवढंच असतं तरी चाललं असतं. पण भाची जवळ आली की तो मागे सरकायचा. एकदा चित्र बघायला ती बाहेर आली. थंडीचे दिवस, अंगात तिचा तो करडा लोकरी स्वेटर. चित्रावर वाकताना स्वेटरची बाही त्याच्या हाताला लागली, तर हा विंचू चावल्यासारखा दोन पावलं मागे! तोंड फिरवलं, नाकाला रुमाल लावला आणि "आलोच" म्हणून कोपऱ्यापलीकडे जो गेला तो पाव तासानं आला.

त्या दिवशी भाचीनं अंगाला साबण दोनदा लावला. मग स्वतःचाच राग आला. मग त्याचा आला. रक्त आत्याचंच, वाकायचं ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं खिडकी दोन बोटंच उघडायची ठरवली. तो लांबून दिसला की केस नीट करायची मात्र. मन मोठं बेइमान असतं.

अकरा चित्रं झाली तेव्हा आत्यानं ती लांब टेबलावर ओळीनं मांडली. एक फेरी मारली. दुसरी मारली.

"पेंटर! अरे, हे मांजर आहे की रुसलेली नवरी? अकराच्या अकरा चित्रांत पाठ! पेला पाडतंय तर पाठ, झोपलंय तर पाठ. पोरांनी काय शेपट्या मोजायच्या?"

पेंटर दारातच उभा. मान खाली. "मुकादम त्यांच्याकडे तोंड करून बसतो. मला बाहेरून पाठच दिसते."

"मग आत ये की! आत यायला तुला काय मुहूर्त हवाय? सोमवारी पुस्तक यंत्रावर चढतंय. बाराव्या चित्रात तोंड हवं. डोळे, मिशा, सगळं."

"रविवारी दुपारच्या गाडीनं मी जातोय," पेंटर म्हणाला. "दुसऱ्या गावी नवा बाजार होतोय. साठ दुकानांच्या पाट्या आहेत."

"मग परत कधी?" हे भाचीनं विचारलं, आणि विचारल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली.

"काम असलं तर येईन," तो म्हणाला. "इथलं काम आता संपलंच."

भाची चित्रं गोळा करून आत गेली. बारावी कविता तीन आठवडे अडली होती आणि ती का अडली होती, हे तिचं तिलाच माहीत. बारावी झाली की शिडी जाणार.

शनिवारी अवेळीच पाऊस आला. बारीक, चिकट, थंडीतला पाऊस. पेंटर आला. शिडी लावली. एका हातात छत्री, एका हातात पेन्सिल, वही गुडघ्यावर, आणि पाणी कॉलरमधून थेट आत.

भाचीनं खिडकी सताड उघडली.

"आत या."

"इथं बरं आहे."

"भिजताय तुम्ही!"

"भिजलेला माणूस वाळतो."

"माझ्या खोलीला काय काटे आलेत? का मलाच आलेत? सांगून टाका एकदा. उद्या जाणारच आहात, भीड कसली!"

मुकादम कठड्यावर चढून पेंटरच्या दिशेनं निघाला तसा तो एक पायरी खाली उतरला.

भाचीनं खिडकी आपटली. कागद ओढला. तीन आठवडे अडलेली कविता रागानं पाच मिनिटांत उतरली. रागात लिहिलेलं खोटं नसतं. फटीतून तिनं कागद बाहेर सरकवला.

*जो बोलावी त्याच्या दारी*
*मांजर फिरकत नाही;*
*जो घाबरून लांब उभा*
*त्याच्याच वाटे जाई.*

*दूध नको नि गादी नको,*
*नको उन्हाची जागा –*
*लांब लांब का उभे तुम्ही*
*एकदा तरी सांगा!*

आत्या मागे येऊन उभी होती हे भाचीला कळलं नव्हतं. तिनं खांद्यावरून सगळं वाचलं होतं.

"मांजर कधीपासून अहो-जाहो करायला लागलं?" आत्यानं विचारलं.

"आत्या, पोरांची कविता आहे ती."

"हो का! डोळे मिटून दूध प्यायलं म्हणजे जगाला दिसत नाही, असं मांजराला वाटतं. तू काय मांजर आहेस?"

एवढ्यात दार वाजलं. पेंटर आत आला होता. पहिल्यांदा! अंगावरून पाणी निथळतंय, हातात ओली होत चाललेली कविता, चेहरा फासावर चढल्यासारखा. त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि म्हणाला, "तोंड हवंय ना? काढतो."

मुकादम तर वाटच बघत होता. ज्यानं महिनाभर एकदाही बोलावलं नाही, त्याच्या मांडीवर तो थेट जाऊन बसला आणि घुरघुरायला लागला.

पेन्सिल कागदाला लागली आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. मग तर मोजायची सोयच राहिली नाही. डोळे लाल, नाक लाल, पाण्याच्या धारा. डावा डोळा सुजून मिटत आला. तरी बाबा काढतोय! एक कान, शिंक. मिशा, शिंक.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "हा माणसांना नाही, मांजराला भितोय!"

"भीत नाही," पेंटर गुदमरत म्हणाला. "सोसत नाही. लहानपणापासून. केस लागला की हे असं. आधी सांगितलं असतं तर काम दिलं असतं का तुम्ही?"

"दार दाखवलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

भाचीनं आपल्या स्वेटरकडे बघितलं. रोज दुपारी हा स्वेटर खुर्चीवर टाकलेला असायचा आणि रोज दुपारी मुकादम त्यावर ताणून द्यायचा. लोकर कमी आणि बोकाच जास्त होता त्यात! म्हणजे दोनदा साबण लावला तो फुकटच.

"स्वेटरपासून पळत होतात?" तिनं हळूच विचारलं.

"तुमच्यापासून पळायचं असतं तर शिडी कशाला..." पुढचं शिंकेत गेलं. वही मांडीवरून घसरली आणि जमिनीवर उघडी पडली.

भाचीनं उचलली. पहिलं पान – मुकादमाची पाठ, आणि त्याच्या दोन कानांच्या मधून दिसणारी ती. प्रुफं तपासताना ओठात पेन्सिल धरलेली. दुसरं पान – शेपटीच्या पलीकडे ती, हसू दाबताना. पुढचं, त्याच्या पुढचं... पुस्तकासाठी त्यानं मांजर तेवढं वेगळं काढून दिलं होतं. वहीत मात्र कुठंच एकटं मांजर नव्हतं.

पाऊस काचेवर वाजत होता. आत्याला अचानक कागदाची रिमं मोजायची आठवण झाली आणि ती पलीकडे निघून गेली. रिमं सकाळीच मोजून झाली होती.

"इथून... उजेड चांगला येतो म्हणालात," भाची म्हणाली.

"येतो. तुमच्या तोंडावर येतो."

"आणि काम संपलं म्हणून चाललात?"

"बाराव्या कवितेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तुम्ही ती लिहितच नव्हता. मला वाटलं, बरं आहे." त्यानं चित्र पुढं केलं. मुकादमाचं तोंड समोरून, डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर बसल्याचं समाधान. "सांगा म्हणालात म्हणून सांगतो. आवडता तुम्ही मला. पण तुमच्या घरात बोका आहे आणि माझं नाक हे असं."

"बोका कुठं जाणार नाही."

"तसं म्हणतही नाही मी."

"मग चला," भाची म्हणाली आणि तिनं छत्री उचलली.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात म्हातारा कंपाउंडर होता. त्यानं पेंटरचा डोळा बघितला, मुकादमाचे केस चिकटलेली विजार बघितली आणि काही विचारायच्या आत म्हणाला, "मांजर. डॉक्टर आत बसलेत, दाखवून घ्या." डॉक्टरांनी तपासलं, गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक.

"किती दिवसांच्या देऊ?" कंपाउंडरनं विचारलं.

पेंटरनं एका उघड्या डोळ्यानं भाचीकडे बघितलं. "जन्मभर लागतील असं दिसतंय."

भाचीचे कान लाल झाले. पण ती शेवटी छापखान्यातली, तारखा पाळणारी. "साठ पाट्यांना किती दिवस?" तिनं विचारलं.

"वीस."

"वीसच द्या," ती कंपाउंडरला म्हणाली. "एकविसाव्या दिवशी इथूनच घेतील."

"पण मी म्हणतो, तिथं कशाला गोळ्या?" कंपाउंडर चष्म्यावरून बघत म्हणाला. "तिथं कुठं मांजर आहे?"

पेंटर भिजून कुडकुडत होता. भाचीनं आपला करडा स्वेटर काढला, केसांसकट, आणि त्याच्या हातात दिला.

"हा नेणार आहेत ते," ती म्हणाली.