अपूर्ण, कॅनव्हासवर तैलरंग

मृत्यूच्या पलीकडे काय आहे, हे मी आज सांगणार आहे.

पलीकडे वाय-फाय आहे.

हसू नका. चाळीस वर्षं लोकांना हसवून पोट भरलं, आता खरं सांगितलं तरी लोक त्यात विनोद शोधतात. पण हे घडलंय. याच सोमवारी, दुपारी दोन वाजता, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी.

तिची एकुलती एक मुलगी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. तीन महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं, आणि गेली. तिच्या वर्गाचं प्रदर्शन यंदा ऑनलाइन भरलं. कॉलेजने तिचंही पान ठेवलं. त्यावर एकच चित्र. स्टुलावर बसलेली आई. चेहरा झालेला, हातांच्या जागी नुसता कॅनव्हास. खाली लिहिलेलं, ‘अपूर्ण’.

बहीण रोज दोन ते चार लॅपटॉपसमोर बसते. हात मांडीवर ठेवून. चित्रासाठी लेकीसमोरही ती याच वेळेला बसायची.

“दादा, काल हे मनगट नव्हतं.”

“चष्मा पूस,” मी म्हणालो.

मंगळवारी अंगठा आला…

इस्त्रीच्या चटक्यासकट. तो चटका बहिणीला गेल्या आठवड्यात बसलाय.

मी कॉलेजात फोन केला. वेबसाइट सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “काका, फोटो एकदाच चढवलाय. त्याला कुणी हात लावलेला नाही.”

मूळ चित्र बहिणीकडे कपाटामागे आहे. काढून पाहिलं. त्यात हात नाहीत.

बुधवारी आधी मी एकटा बसून पाहिलं. काही झालं नाही. भाची म्हणायचीच, “मामा, तू दोन मिनिटं गप्प बसशील तर शपथ.”

मग बहीण बसली. लॅपटॉपचा आवाज बंद होता. तरीही…

बाटलीतल्या पाण्यात ब्रश खळखळला.

नाही, चुकलो. तैलरंगाला पाणी नसतं, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतात. खोलीभर त्याचाच वास सुटला होता.

गुरुवारी बहिणीला रडू आलं. डोळे पुसायला तिने हात उचलला.

खळखळ थांबली.

“सॉरी, सॉरी, बसते,” ती घाईने म्हणाली आणि हात जागेवर ठेवला. मला तिने जन्मात कधी सॉरी म्हटलेलं नाही.

बराच वेळ काहीच नाही…

मग ब्रश पुन्हा वाजला.

तेव्हापासून माझी बहीण ते दोन तास रडत नाही. गालावर माशी बसली तरी हलत नाही. मला भीती वाटते ती त्याचीच.

आज शुक्रवार. उजवा हात झाला. डाव्याची दोन बोटं राहिलीत.

प्रदर्शन उद्या सकाळी दहाला बंद होतंय.

वेबसाइटवाल्या बाई इथल्या भुताच्या गोष्टी वाचतात, असं फोनवर बोलता बोलता म्हणाल्या होत्या. म्हणून इथे लिहिलं.

बाई, तेवढं उद्या चार वाजेपर्यंत चालू ठेवा.