पुलाखालचा ब्रेक

"गाडीनं आपण होऊन ब्रेक मारला, आणि सगळे म्हणतात की तो मीच मारला!"

दारातूनच एवढं बोलून ती खुर्चीत कोसळली. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत रडत येणारी माणसं भावोजींना नवी नव्हती, पण अशी धापा टाकत, हेल्मेट काढायचंही विसरून कोणी आलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

खासगी तपासाचा धंदा वहिनींचा. भावोजी त्यांचे धाकटे दीर. उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि ते बंद झाल्यावर वहिनींची गाडी चालवायला लागले. गुन्हेगार ओळखण्यात वहिनींचा हात कोणी धरला नसता, आणि भलताच माणूस गुन्हेगार ठरवण्यात भावोजींचा.

"आधी हेल्मेट काढा, मग नीट पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"मी गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवते. म्हणजे चित्र काढते. एक चौकोन रडारला पुढे काय दिसतं ते वाचतो, दुसरा अंतर मोजतो, तिसरा ब्रेक लावायचा का ते ठरवतो. सगळे बाणांनी जोडायचे. याला आम्ही मॉडेल म्हणतो. त्या मॉडेलवरून प्रोग्राम यंत्रच लिहितं. हातानं त्यातली एक ओळही कोणी बदलायची नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. दिवसभर चौकोन काढते म्हणून सगळे मला चौकोनताई म्हणतात."

"आणि ब्रेक?"

"काल पाहुण्यांसमोर ट्रॅकवर गाडी सोडली. लोखंडी पुलाखाली आली, पुढे चिटपाखरू नाही, आणि कचकन थांबली! गरकन फिरून कठड्यावर आदळली. चालवणाऱ्या दाजींचं मनगट मोडलं. पुन्हा स्टिअरिंग धरता येईल की नाही, डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत."

"त्या पुलाखालून गाडी आधी गेली होती?"

"महिनोन् महिने जाते, रोज."

"मग काल नवीन काय होतं?"

तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझा प्रोग्राम. पाहुण्यांना मॉडेल दाखवायचं होतं म्हणून आदल्या दिवशी चौकोन जरा नीट रांगेत लावले, रंग दिले, आणि नव्यानं प्रोग्राम काढला. आत काहीसुद्धा बदललं नाही, आईशप्पथ! पण मी राजीनामा दिलाय. साहेब म्हणतात, जाता जाता मी सुरुंग पेरला. संध्याकाळी पोलिसांत तक्रार देणार आहेत. नवी नोकरी तर जाईलच, पण या धंद्यात पुन्हा मला दारात कोण उभं करील?"

वहिनींनी पर्स उचलली. भावोजींच्या हातात गाडीची किल्ली आधीच होती.

*

साहेब काचेच्या केबिनमध्ये उभे होते. बसायला सांगायची तसदी त्यांनी घेतली नाही.

"जुना प्रोग्राम चालत होता, नवा चालत नाही. मध्ये हात कोणाचा लागला? हिचा. यात तपास कसला?"

"तसं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबायला तुमची हरकत नसावी," वहिनी गोड हसून म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळात बघितलं आणि दाराकडे हात केला.

पहिले भेटले मास्तर. प्रत्येक प्रोग्रामची परीक्षा घेतात म्हणून हे नाव. त्यांच्या खोलीत तारांनी भरलेलं एक कपाट होतं आणि समोर भलामोठा पडदा.

"ही आमची खोटी गाडी. आत खऱ्या गाडीतलाच कंट्रोलर आहे, म्हणजे गाडीचा मेंदू. त्याला बिचाऱ्याला वाटतं, आपण रस्त्यावर धावतोय. पडद्यावरचा रस्ता मी बनवलेला. मधे माणसं सोडतो, कुत्री सोडतो, ट्रक आडवे घालतो. कालचा प्रोग्रामही यात पास झाला आणि जुनाही."

"पुलाखाली काय करते ही?"

"पूल?" मास्तरांनी डोकं खाजवलं. "माझ्या रस्त्यावर पूल नाहीच. कोणी कधी मागितलाच नाही."

"काल गाडीत प्रोग्राम कोणी उतरवला?"

"मीच. एरवी ते काम ट्यूनिंगवाल्या मेव्हण्याचं. तो शेजारी बसून, लॅपटॉपवर बघत गाडी ट्यून करतो. पण काल सकाळी तो पाहुण्यांना आणायला गेला होता."

बाहेर आल्या आल्या भावोजींनी वहिनींना कोपऱ्यात गाठलं. "हाच! नेमका कालच यानं हात लावला आणि कालच घात झाला."

"भावोजी, अजून दोन माणसं उरलीत. एखादा संशय त्यांच्यासाठीही राखून ठेवा."

दाजी विश्रांतीच्या खोलीत सोफ्यावर बसले होते, हात प्लास्टरमध्ये. खरं तर ते दाजी फक्त एकाचेच, ट्यूनिंगवाल्याच्या बहिणीचे यजमान. पण तो हाक मारतो म्हणून सगळेच मारत, आणि त्याला सगळे मेव्हणा म्हणत.

"चौकोनताईंनी मुद्दाम केलं असेल?" वहिनींनी थेट विचारलं.

"छे हो! सरळ पोर आहे. गाडीलाच शिंक आली असेल. पहिल्या पहिल्यांदा त्याच पुलाखाली एकदा आली होती, पण तेव्हा वेग कमी होता. दुसऱ्या दिवशी ठणठणीत."

"तेव्हा कोणाला सांगितलं होतंत?"

"चहाच्या वेळी सगळ्यांनाच. चौकोनताई तेवढ्या रजेवर होत्या, त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं."

"काल शेजारी मेव्हणे होते ना? त्यांना लागलं नाही?"

दाजी हसले. "महाभित्रा! रोज लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. काल तो मिटून पायाशी ठेवला आणि वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसला. 'दाजी, जरा हळू' म्हणाला. पाहुणे बघत होते, मी कुठला हळू जातोय? पण हँडलनं वाचवलं त्याला. माझ्या बायकोला दोघांची उस्तवार करावी लागली नाही, तेवढंच बरं."

जिन्यात वहिनी मधेच थांबल्या. "भावोजी, शिकाऊ पोरांच्या शेजारी बसायचात तेव्हा वरचं हँडल केव्हा धरायचात?"

"आता आदळणार हे कळलं की."

"गाडी सुरळीत चाललेली असताना?"

"कशाला? मी काय बसमध्ये उभा होतो?"

वहिनींची पावलं भराभर पडू लागली. वहिनी जिना असा उतरू लागल्या की शेवट जवळ आलेला असतो, एवढं भावोजींना अनुभवानं माहीत होतं.

मेव्हणा ट्रॅकच्या कडेला मोडक्या गाडीपाशी होता. दिसायला काटक, डोळे मात्र रात्रभर न मिटलेले.

"मला काय विचारता? मी नव्या प्रोग्रामला हातही लावला नाही. गाडी निघाली, लॅपटॉपवर प्रोग्रामचा नंबर बघितला, तेव्हा कळलं की हा नवीन आहे."

"लॅपटॉपला काही झालं?"

"नाही. ओरखडासुद्धा नाही."

"नशीबवान आहात," वहिनी म्हणाल्या आणि सरळ मास्तरांच्या खोलीकडे वळल्या. "मास्तर, तुमच्या रस्त्यावर पूल बांधायला किती वेळ लागेल?"

*

कालच्या गाडीत रडारची नोंद होती. मास्तरांनी तिच्यावरून पूल बांधला, तोही जेवणाची सुट्टी सोडून. दुपारी सगळे त्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले.

"आधी कालचा प्रोग्राम," वहिनी म्हणाल्या.

पडद्यावरची गाडी सुसाट निघाली. पूल जवळ आला. धाडकन ब्रेक!

"बघा!" साहेब गरजले. "मी काय म्हणत होतो?"

"आता जुना, रोज चालणारा."

गाडी पुलाखालून सुळकन निघून गेली. चौकोनताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. भावोजींनाही वाटलं, झालं, वहिनींनी मदत मागायला आलेल्या पोरीलाच फासावर चढवलं.

"आता तिसरी परीक्षा. मास्तर, चौकोनताईंनी हात लावायच्या आधीचं मॉडेल जपून ठेवलंय ना? ते तसंच घ्या आणि त्यातून आत्ता, आमच्यासमोर, नवा प्रोग्राम काढा."

"त्यात काय निघणार?" साहेब म्हणाले. "जुनं मॉडेल, म्हणजे जुनाच प्रोग्राम."

मास्तरांनी बटण दाबलं. यंत्रानं प्रोग्राम लिहिला, तो कंट्रोलरमध्ये उतरला. गाडी निघाली.

पूल आला. धाडकन ब्रेक!

"अरेच्चा!" भावोजी ओरडलेच.

"साच्यातून गणपती काढावा आणि एकाची सोंड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे निघावी, असं होतं का?" वहिनी म्हणाल्या. "साचा एकच असेल तर एका मूर्तीला मागाहून कोणीतरी हात लावलाय. साहेब, सुरुंग नव्या प्रोग्राममध्ये नव्हताच. दोष मॉडेलमध्ये पहिल्यापासून होता. पुलाचं लोखंड रडारला क्षणभर भिंतीसारखं दिसतं, आणि गाडी घाबरते. दाजी त्याला शिंक म्हणतात. दुसऱ्या दिवशी शिंक थांबली, कारण कोणीतरी यंत्रानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हातानं औषध घातलं, तुमचा नियम मोडून. मॉडेलला त्याचा पत्ताच नाही. परवा चौकोनताईंनी नव्यानं प्रोग्राम काढला आणि ते औषध पुसलं गेलं."

"कोणी?" साहेबांनी विचारलं.

"ते औषध लागू पडलं की नाही, हे बघायला पुलाखालून जावं लागतं. मास्तरांच्या रस्त्यावर आजपर्यंत पूल नव्हता, म्हणजे मास्तर नव्हेत. दाजी चालवतात, लिहीत नाहीत. चौकोनताई तेव्हा दवाखान्यात आईच्या उशाशी. रोज गाडीत बसतो आणि प्रोग्राम स्वतः उतरवतो, असा एकच माणूस राहतो. काल त्यानं वाटेत प्रोग्रामचा नंबर वाचला. वाचल्यावर लॅपटॉप मिटून पायाशी ठेवला, हळू जा म्हणाला आणि हँडल घट्ट धरलं. ब्रेक लागल्यावर नव्हे, लागायच्या आधी. आमचे भावोजी जाणकार आहेत. हँडल माणूस केव्हा धरतो, ते त्यांना विचारा."

सगळ्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकला होता.

"ताई रजेवर होत्या," तो कसाबसा म्हणाला. "मॉडेलचं कुलूप त्यांच्या नावावर. गाडी दुसऱ्या दिवशी दाखवायची होती. दोनच ओळी टाकल्या. एकदा दिसलं तर ब्रेक नको, दिसतच राहिलं तर मार. ताई आल्यावर सांगणारच होतो. पण गाडी छान चालली, साहेबांनी पाठ थोपटली, आणि सांगायचं राहूनच गेलं. काल नंबर बघितला तेव्हा वाटलं, ताईंनी कदाचित मॉडेलमध्येच केलं असेल. खात्री नव्हती."

"आणि आज?" चौकोनताईच्या डोळ्यांत पाणी आणि आग दोन्ही होतं. "माझ्यावर पोलिसांत तक्रार होणार होती, तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले साहेबही जमिनीकडे बघत होते.

आपल्या प्लास्टरकडे बघत दाजी हळूच म्हणाले, "अरे, नुसतं 'थांबा' म्हटलं असतंस. मी थांबलो असतो रे."

मेव्हण्यानं तोंड झाकून घेतलं. इतक्या मोठ्या माणसाला हुंदके देताना भावोजींना बघवेना.

शेवटी चौकोनताईनंच खुर्ची ओढली. मॉडेल उघडलं आणि ब्रेकच्या चौकोनाआधी एक नवा चौकोन काढला. बाण जोडले. यंत्रानं प्रोग्राम लिहिला. पडद्यावर ट्रक आले, कुत्री आली, त्यांच्यापुढे गाडी बरोबर थांबली. पुलाखालून मात्र सुळकन गेली.

साहेब पुढे आले. "तक्रार मी देत नाही. तुमची माफी मागतो. आणि राजीनाम्याचं…"

"राजीनामा तसाच राहू द्या," ती म्हणाली. "आधी खरा पूल. दुसरी गाडी काढा, चालवणार मी."

"शेजारी मी बसतो," मेव्हणा म्हणाला.

दाजींनी मान हलवली. "बसू दे त्याला."

मागच्या सीटवर भावोजी कसे घुसले, हे वहिनींनाही कळलं नाही. गाडी सुटली. ट्रॅकची कड भराभर मागे पडत होती, काटा चढत होता, समोर लोखंडी पूल मोठा मोठा होत होता. भावोजींनी पुढे वाकून पाहिलं. मेव्हण्याच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता आणि त्याचे दोन्ही हात लॅपटॉपवरच होते.

भावोजींनी मात्र वरचं हँडल घट्ट धरलं.

पुलाची सावली झरकन डोक्यावरून गेली. गाडी धावतच राहिली, आणि चौकोनताई त्या दिवसात पहिल्यांदा मोठ्यानं हसली.