जेवणानंतरचा कापुचिनो

मिलानमध्ये जेवणानंतर कापुचिनो मागणारा माणूस परदेशीच असतो, आणि त्याला हसायचं नसतं. निदान तोंडावर तरी. दुधाची कॉफी सकाळची. दुपारी काळी, तीही काउंटरशी उभं राहून, दोन घोटांत. एर्सिलिया गाईड झाल्यापासून ग्वाल्तिएरोच्या कॉफी-बारमध्ये अशीच कॉफी घेत आली होती, आणि तिनं आणलेले पर्यटक बाहेर खुर्च्या अडवून फेसाचे फोटो काढत बसायचे.

"तुझी गुरं चरली वाटतं," ग्वाल्तिएरो म्हणायचा.

"गप बस. त्याच गुरांवर तुझं दुकान चालतंय."

ही थट्टा दोघंही सवयीनं करत. तीन वर्षांपूर्वी एर्सिलियाची मुलगी बीचे नाहीशी झाली, तेव्हापासून तिला मनापासून हसू आलं नव्हतं. बीचे कपड्यांच्या दुकानात कामाला होती. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी लाल कोट, हिरवा मफलर आणि करडे हातमोजे घालून ती मैत्रिणींबरोबर कालव्याकाठी पेय घ्यायला गेली. "लगेच येते गं आई," म्हणाली. मैत्रिणींनी तिला कोपऱ्यावरून वळताना पाहिलं, ते शेवटचं. पोलीस शोधून थकले. एर्सिलिया थकली नाही. पर्यटकांना संध्याकाळी कालव्याकाठी नेलं की ती दिवे, गाणी, पेले कशाकडेच बघायची नाही. टेबलांवरचे चेहरे तेवढे बघायची.

गेल्या शरदात तिच्या गटातली एक ऑस्ट्रेलियन बाई खरेदीहून परतली, ती हिरवा मफलर गुंडाळून. त्याच्या कोपऱ्यात इस्त्रीचा डाग होता. तो डाग एर्सिलियाच्याच हातून पडला होता, आणि त्यावरून बीचेनं दोन दिवस अबोला धरला होता.

"हा कुठं घेतलात?"

"त्या गल्लीत. टोपीवाला आणि औषधांचं दुकान, त्यांच्या मधे. गोड मुलगी आहे हो! तिच्याच गळ्यात होता. मी छान आहे म्हटलं, तर काढून बांधूनच दिला."

एर्सिलिया धावत गेली. टोपीवाला होता, औषधवाला होता. मधे भिंत होती. टोपीवाल्यानं तिला पाणी दिलं आणि खुर्चीत बसवलं.

महिनाभरानं एका जर्मन म्हाताऱ्यानं बायकोसाठी करडे हातमोजे आणले. अंगठ्यापाशी एर्सिलियाचीच शिवण होती. "बिचारीचे हात गारठले होते," तो म्हणाला, "तरी देताना हसत होती." एर्सिलियानं त्याची बाही धरून त्याला गल्लीत ओढत नेलं. तो भिंतीपुढे थांबला.

"हे काय, समोर तर आहे! दिवा लागलाय."

तिनं हात पुढे केला. हाताला गार वीट लागली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग हळूच स्वतःची बाही सोडवून घेतली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. एवढं मात्र कळलं: दार परक्यांनाच दिसतं, आणि आता पोरीच्या अंगावर फक्त कोट उरलाय. तो कुणी विकत घ्यायच्या आत तिथं पोचायला हवं. मग परकंच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ती ग्वाल्तिएरोकडे बाहेरच्या खुर्चीत बसली, भात खाल्ला आणि कापुचिनो मागितला.

"काय गं, बरी आहेस ना? पोट बिघडेल."

"आण म्हणते ना."

त्यानं आणला. कप ठेवताना तो हसला नाही.

तिनं फ्रिजवर लावायचं कॅथेड्रलचं चुंबक विकत घेतलं. मान वर करून, तोंड उघडं टाकून शिखरं बघितली. काचेच्या छताखालच्या बाजारात, फरशीतल्या बैलाच्या चित्रावर, नशिबासाठी म्हणून, उजवी टाच रोवून, डोळे मिटून तीन गिरक्या घेतल्या. हे तिनं हजारोंना करायला लावलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा तिला बाहेर पडायची वाट सुचेना. गंमत म्हणून घेतलेला नकाशा तिनं उघडला आणि खरंच त्यावर बोट फिरवत रस्ता शोधू लागली. चौकातल्या पाटीवरचं नाव वाचायला जड गेलं. आजूबाजूचे लोक भराभर बोलत होते आणि त्यातलं थोडंच समजत होतं.

ती घाबरली. परत फिरावंसं वाटलं. पण संध्याकाळ झाली होती, थंडी वाढत होती, आणि पोरीकडे हातमोजे नव्हते.

टोपीवाला. औषधवाला.

मधे दिवा लागलेला होता.

आत शेल्फं रिकामी होती. काउंटरमागे बीचे उभी होती, लाल कोटात, हात काखेत घालून. गळा उघडा. ओठ निळसर. तीन वर्षांत ती एका दिवसानंही मोठी झाली नव्हती.

"या मॅडम, या! कुठून आलात?" तिनं इंग्रजीत विचारलं. पर्यटकांना विचारतात तसं, गोड.

एर्सिलियानं हाक मारायला तोंड उघडलं. नाव येईना. जिभेवर फक्त 'सुंदर' आणि 'केवढ्याला' असे परके शब्द होते. आईला काय म्हणतात इथं? तिला आठवेना. तिनं मान हलवली, रडू लागली, आणि हात पुढे करून मुलीकडे बोट दाखवलं. तू. तू हवीस.

मुलीनं स्वतःकडे खाली पाहिलं.

"हा? हो, का नाही!"

ती गुंड्या काढू लागली.

एर्सिलिया नको नको म्हणून हात हलवत राहिली. मुलगी हसली, घासाघीस करणारी गिऱ्हाइकं तिच्या सवयीची असावीत. तिनं कोट नीट घडी घालून पिशवीत ठेवला, पिशवी आईच्या हातात दिली आणि अदबीनं दारापर्यंत सोडायला आली.

बाहेर पाऊल पडलं. मागे वळली तर भिंत.

ती चालत राहिली. एका बारपाशी पाय आपोआप थांबले. पांढरा एप्रन घातलेला माणूस लगबगीनं बाहेर आला, तिच्या ओल्या चेहऱ्याकडे त्यानं क्षणभर पाहिलं आणि चित्रांचं मेनूकार्ड पुढे धरलं.

"बाहेर बसणार मॅडम? कापुचिनो?"

तिनं मान डोलावली. बसून पिशवीत हात घातला.

कोटाच्या बाह्या आतून अजून उबदार होत्या.